न्यायालयांचा पैसा वाटेत का अडतो?

कामोठ्यातील एखाद्या रहिवाशाच्या घरी चोरी झाली तर फिर्याद त्याच्या वस्तीतल्याच पोलीस ठाण्यात नोंदविली जाते. ते ठाणे नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते. त्याच्या दारातला रस्ता पनवेल महापालिकेचा असतो आणि पायाखालची जमीन बहुधा सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असते. खटला उभा राहिला म्हणजे मात्र त्याला पनवेलच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि त्या न्यायालयाचे जिल्हा मुख्यालय थेट अलिबागला असते. नव्या नगरीने पोलीस नवे घेतले, महापालिका नवी घेतली. न्यायदानाची चौकट तेवढी जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या काळातली राहिली. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी न्यायालयांची मांडणी नगराच्या वाढीबरोबर बदलली नाही.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली, तेव्हा कामोठे हे खाडीकाठचे, भातखाचरांचे गाव होते. आज मानसरोवर स्थानकावर सकाळी लोटणारी गर्दी पाहिली तर त्या गावाची खूण सापडणे कठीण. २०१६ च्या ऑक्टोबरात पनवेल महापालिका अस्तित्वात आली, तेव्हा २०११ च्या जनगणनेप्रमाणेच तिच्या हद्दीत पाच लाखांवर लोक होते. एवढ्या वस्तीबरोबर तंटेही येतात. सदनिकेचा ताबा, न वटलेला धनादेश, घरभाड्याचा वाद, शीव-पनवेल महामार्गावरील अपघाताची भरपाई, घरात होणारा छळ, बालकांवरील अत्याचार, असे नागर जीवनाचे सगळे प्रश्न न्यायालयाच्या दारी जातात. नव्या नगरीसाठी ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांना वाढीव मोबदल्यासाठी याच न्यायव्यवस्थेकडे जावे लागले. म्हणजे जुना गावकरी आणि नवा सदनिकाधारक यांचे बाकी काही जुळो न जुळो, न्यायालयाच्या व्हरांड्यात दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

ही रांग का हटत नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: न्यायाधीश कमी, खोल्या कमी, पैसा नाही. पहिली दोन उत्तरे खरी आहेत. तिसरे मात्र पुरते खरे नाही. न्यायालयांसाठी केंद्र सरकारचा पैसा गेली तीस वर्षे मंजूर होत आला आहे. तो न्यायालयापर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणत्या दारांतून जातो आणि कोणत्या दाराशी थांबतो, हे पाहिल्याखेरीज या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

पैसा कोणाचा, हात कोणाचा?

दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, असे घटनेच्या २३५ व्या कलमाने सांगितले आहे. परंतु नियंत्रण वेगळे आणि खजिना वेगळा. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयांच्या खर्चाला हे संरक्षण नाही. तो विधी व न्याय विभागाच्या मागण्यांत येतो आणि इतर खात्यांच्या मागण्यांबरोबर त्यालाही अर्थखात्याच्या कात्रीखालून जावे लागते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने न्यायदानाची व्यवस्था समवर्ती सूचीत गेली. त्यामुळे केंद्राची जबाबदारी वाढली खरी, पण न्यायालये बांधण्याचे आणि चालविण्याचे मूळ काम राज्याकडेच राहिले.

या जबाबदारीत वाटा उचलण्यासाठी केंद्राने १९९३-९४ पासून न्यायालयीन सोयींची केंद्रपुरस्कृत योजना चालविली. न्यायालयांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थाने हा तिचा मुख्य हेतू. प्रारंभी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा भार उचलत. पुढे काही वर्षे केंद्राने पाऊण हिस्सा दिला आणि २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ६०:४० हे प्रमाण ठरले. २०२१ च्या जुलैत मंत्रिमंडळाने ही योजना ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी मंजूर केली, तेव्हा तिचा एकूण अंदाज ९,००० कोटी रुपयांचा होता आणि त्यात केंद्राचा वाटा ५,३०७ कोटींचा होता. वकिलांसाठी दालने, स्वच्छतागृहे आणि संगणक कक्ष यांचाही तिच्यात समावेश झाला.

दहा कोटींची इमारत असेल तर सहा कोटी केंद्राचे आणि चार कोटी राज्याचे, असा हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. पण सहा कोटींसाठी अर्ज न्यायालयाला करता येत नाही. जिल्हा न्यायाधीशांनी गरज नोंदवायची, उच्च न्यायालयाने तिला संमती द्यायची, विधी व न्याय विभागाने प्रशासकीय मान्यता द्यायची, सार्वजनिक बांधकाम विभागाने नकाशे व अंदाजपत्रक करून तांत्रिक मंजुरी मिळवायची, अर्थखात्याने राज्याचा वाटा अर्थसंकल्पात ठेवायचा आणि मग राज्याने केंद्राकडे जायचे. जमिनीची जबाबदारी पुन्हा राज्याचीच. यांपैकी एका टेबलावर कागद थबकला की पुढची सारी टेबले रिकामी बसतात. केंद्राने पैसा दिला, राज्याने घेतला, पण पनवेलच्या पक्षकाराला बसायला बाक मिळाले नाही, असे घडू शकते ते या साखळीमुळे.

पैसा होता, पण न्यायालयापर्यंत आला नाही

हे केवळ तर्काने काढलेले अनुमान नाही. २०१९-२० साली या योजनेखाली राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना मिळून ९८१.९८ कोटी रुपये मंजूर झाले होते. दोन वर्षांनी पुढे आलेल्या आकडेवारीनुसार त्यांतले जेमतेम ८४.९ कोटी वापरले गेले आणि तेही पाच राज्यांनी मिळून. नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम तशीच राहिली. ज्या देशात न्यायालयाच्या जिन्यावर बसून वकील अशिलाची कैफियत ऐकतात, त्या देशात न्यायालयांसाठी मंजूर झालेला पैसा पडून राहावा, याला दारिद्र्य म्हणता येणार नाही. ही अव्यवस्था आहे.

तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी २०२१ च्या २३ ऑक्टोबरला औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी या अव्यवस्थेचे चित्र मांडले. देशातील २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नव्हते. शुद्ध पिण्याचे पाणी ५४ टक्के संकुलांतच होते, तर प्राथमिक वैद्यकीय सोय अवघ्या ५ टक्क्यांत. समारंभ महाराष्ट्रात झाला आणि व्यासपीठावर राज्यकर्तेही होते. पोटगीसाठी तान्हे मूल घेऊन दिवसभर थांबणाऱ्या स्त्रीला या टक्केवारीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वित्त आयोगांच्या अनुदानांचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. अकराव्या वित्त आयोगाने १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये सुचविले आणि २००० सालापासून ती उभी राहू लागली. पाच वर्षांची मुदत संपल्यावर केंद्राने ती आणखी काही काळ पोसली, आणि ३१ मार्च २०११ नंतर हात आखडता घेतला. न्यायालये चालू, खटले अर्धवट आणि पैसा बंद, अशी अवस्था झाली. शेवटी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की ही न्यायालये बंद करावीत किंवा कायमची करावीत. तात्पुरत्या मुदतवाढीवर ती चालविता येणार नाहीत. अनुदानाच्या जोरावर न्यायालय उघडणे सोपे असते. अनुदान आटल्यावर त्याचे काय, हा प्रश्न उघडण्यापूर्वीच सोडवावा लागतो.

तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेला ५,००० कोटींचे अनुदान सुचविले. एवढा मोठा आकडा त्यापूर्वी कोणत्याही आयोगाने या कामासाठी मांडला नव्हता. परंतु त्यातले निम्मे, म्हणजे २,५०० कोटी, सकाळच्या, संध्याकाळच्या आणि विशेष न्यायालयांसाठी राखून ठेवले होते. दिवसभर न्यायासनावर बसलेला न्यायाधीश, दिवसभर उभा राहिलेला वकील आणि शेवटची गाडी गाठायची असलेला पक्षकार संध्याकाळी पुन्हा न्यायालयात येतील काय, हे त्यांना आधी विचारलेच गेले नाही. अनुदानाचा मोठा भाग खर्ची पडला नाही. चौदाव्या आयोगाने मग वेगळा मार्ग धरला. न्यायव्यवस्थेच्या ९,७४९ कोटींच्या प्रस्तावाला त्याने पाठिंबा दिला, पण वेगळे अनुदान दिले नाही. राज्यांना करांतला वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, त्यातून खर्च करावा, असे त्याने सुचविले. पंधराव्या आयोगाने १०,४२५ कोटींची स्वतंत्र शिफारस केली. ती क्षेत्रनिहाय अनुदाने केंद्राने जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. म्हणजे एकदा पैसा बांधून दिला तेव्हा तो गरजेशी जुळला नाही. मोकळा दिला तेव्हा तो न्यायालयाच्या नावावर राहिला नाही. आणि पुढे तो कागदावरून हललाच नाही.

न्यायाधीशाने हात पसरावा काय?

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. न्यायालयात सर्वांत मोठा पक्षकार सरकारच असते. भूसंपादनाच्या मोबदल्याचा निवाडा ज्या न्यायाधीशाने सरकारविरुद्ध द्यायचा, त्यानेच न्यायदानासाठी खोल्या मिळाव्यात म्हणून सरकारच्या सचिवाकडे पाठपुरावा करावा, हे न्यायाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही. कित्येक न्यायाधीश या संकोचानेच मागणी करून गप्प बसतात. त्यांचा संकोच योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की जो विभाग मोठ्याने मागतो त्याचे काम होते आणि जो मर्यादा पाळतो तो मागे राहतो.

यावर उपाय म्हणून न्यायालयीन सोयींसाठी राष्ट्रीय महामंडळ असावे, अशी कल्पना न्या. रमणा यांनी मांडली. २०२२ च्या ३० एप्रिलला मुख्यमंत्री व मुख्य न्यायमूर्तींच्या संयुक्त परिषदेत तिच्यावर एकमत झाले नाही. राज्यांचा कल राज्य पातळीवरील यंत्रणेकडे होता. त्या कलात गैर काही नाही. कामोठ्याला खोल्या किती हव्यात हे दिल्लीपेक्षा मुंबईत अधिक चांगले कळू शकते. मात्र तो कल मतप्रदर्शनापुरता राहिला तर राष्ट्रीय महामंडळही गेले आणि राज्याचेही आले नाही, असे व्हायचे.

अमेरिकेच्या अनुभवातून यासंबंधी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथेही केंद्राचा पैसा राज्यांमार्फत खाली झिरपतो आणि तेथेही पोलीस व अभियोक्ते पुढे, न्यायालये मागे असा अनुभव येत असे. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली राज्यांना जे अनुदान मिळते, त्यातला किमान ५ टक्के भाग न्यायालयांना दिलाच पाहिजे, असे पुढे कायद्यातच लिहिण्यात आले. पाच टक्के ही मोठी रक्कम नाही, पण त्या तरतुदीमुळे न्यायालयाचा वाटा विनंतीवर अवलंबून राहिला नाही.

आपल्याकडेही जेथे वाट आखून दिलेली आहे तेथे पैसा पोहोचतो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा तिसरा टप्पा केंद्राने २०२३ च्या सप्टेंबरात ७,२१० कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर केला. त्याचा भार केंद्राचाच असल्याने राज्याच्या वाट्यासाठी ताटकळावे लागत नाही, आणि उच्च न्यायालये त्याच्या अंमलबजावणीत थेट सहभागी असतात. कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या डॉक्टराला दूरच्या न्यायालयात साक्षीसाठी अख्खा दिवस घालवावा लागू नये, एवढी साधी सोय अशा योजनेतून होऊ शकते. विधी साहाय्याचा निधीही राष्ट्रीय प्राधिकरणाकडून राज्य प्राधिकरणाकडे, तेथून जिल्ह्याकडे, अशा १९८७ च्या कायद्याने घालून दिलेल्या वाटेने जातो. न्यायाधीशच या प्राधिकरणांचे धुरीण असल्याने त्या वाटेवर त्यांना याचक व्हावे लागत नाही.

कागद आधी, पैसा मागून

मुख्य इमारतींचा पैसा मात्र राज्याच्या हातूनच येणार असेल, तर न्यायालयाने काय करावे? याचे उत्तर रूक्ष आहे आणि म्हणूनच ते दुर्लक्षिले जाते. अनुदान गरजेकडे पाहून येत नाही, तयारीकडे पाहून येते. ज्या जिल्ह्याजवळ ताब्यातली जमीन, मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि राज्याच्या वाट्याची तरतूद असते, त्याचा क्रमांक आधी लागतो. वर्षाच्या शेवटी इतर राज्यांचा न खर्चलेला पैसा वळवायचा झाला तर तोही अशा तयार जिल्ह्याकडेच वळू शकतो. खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रे ज्याने वेळेवर पाठविली नाहीत, त्याचा पुढचा हप्ता अडतो. २०२१ साली केंद्राच्या अर्थखात्याने घालून दिलेल्या पद्धतीत एका वेळी वर्षाच्या रकमेच्या चौथाईहून अधिक पैसा देऊ नये आणि आधीच्या हप्त्याचे ७५ टक्के खर्च झाल्याखेरीज पुढचा देऊ नये, असा दंडक होता. पुढे तर गरजेच्या वेळी गरजेपुरताच पैसा सोडण्याची रीत आणण्यास प्रारंभ झाला. २०१८ पासून बांधकामाची प्रगती छायाचित्रांनिशी नोंदविण्याची संगणकीय व्यवस्थाही आहे. अशा काळात निम्म्या तयारीच्या प्रस्तावाला कोणी वाली राहत नाही.

हे काम न्यायाधीशाचे नाही. त्यासाठी स्वतंत्र माणूस हवा. तेराव्या वित्त आयोगाने ते ओळखले होते. न्यायालय व्यवस्थापकांसाठी त्याने ३०० कोटी वेगळे ठेवले. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेली ही मंडळी नेमली गेली, पण आयोगाची मुदत संपताच त्यांच्या नोकऱ्या अधांतरी लोंबकळू लागल्या. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना त्यांच्यासाठी नियम करण्यास आणि त्यांना सेवेत नियमित करण्यास फर्माविले. या आदेशाकडे केवळ नोकरीचा प्रश्न म्हणून पाहणे चूक ठरेल. प्रत्येक योजनेची अट वाचणारा, मुदत लक्षात ठेवणारा, बांधकाम विभागाच्या कार्यालयात विचारणा करणारा आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठविणारा अधिकारी न्यायालयाला प्रथमच कायमचा मिळण्याची ही संधी आहे. न्यायाधीशाची प्रतिष्ठा राखून पैसा आणायचा तो याच मार्गाने.

कामोठ्यापुरते बोलायचे तर आरंभ जमिनीपासून व्हायला हवा. नव्या नगरीचा आराखडा करताना शाळा, बाजार, उद्यान, दवाखाना यांचे भूखंड आधी ठरतात. न्यायालयाचाही भूखंड असाच आधी ठरला पाहिजे. पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या पट्ट्याला पुढच्या वीस वर्षांत किती न्यायदालने लागतील, याचा हिशेब उच्च न्यायालय, विधी विभाग, सिडको आणि महापालिका यांनी एकत्र बसून करावा आणि तेवढी जागा आजच बाजूला ठेवावी. उद्या जमिनीचा भाव आणखी वाढल्यावर ती मागणे म्हणजे नाही ऐकण्याची तयारी ठेवून मागणे होय. जागा हातात असली म्हणजे नकाशा होतो, नकाशा असला म्हणजे राज्याच्या चाळीस टक्क्यांची तरतूद मागता येते, आणि ती तरतूद असली म्हणजे केंद्राच्या साठ टक्क्यांना नकार देण्यास निमित्त उरत नाही.

दुसरी गोष्ट न्यायाधीशांची. इमारत झाली आणि न्यायाधीश व कर्मचारी यांची पदे निर्माण झाली नाहीत तर केवळ कुलूप घालण्यास एक दार वाढेल. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. देश त्या संख्येच्या जवळपासही पोहोचलेला नाही. पदांचा आवर्ती खर्च राज्याचाच राहणार, हे गृहीत धरून इमारतीचा प्रस्ताव आणि पदांचा प्रस्ताव एकाच वेळी पुढे गेले पाहिजेत. जलदगती न्यायालयांनी हा धडा एकदा दिलेला आहे. तो पुन्हा फी भरून शिकण्याचे कारण नाही.

शासनाच्या बाजूने काही बोलण्यासारखे आहे, हेही मान्य केले पाहिजे. रस्ते, पाणी, इस्पितळे यांच्या मागण्या कमी नाहीत, आणि केंद्राचे साठ टक्के घेण्यासाठी आपले चाळीस टक्के बाजूला काढणे ही अर्थखात्याला दर वेळी ओढाताण वाटते. परंतु ही ओढाताण करताना एक गोष्ट विसरली जाते. राज्याने चाळीस वाचविले म्हणजे त्याचे चाळीस वाचत नाहीत, शंभर बुडतात. बुडालेल्या त्या शंभरांची किंमत विधानसभेत कोणी विचारत नाही, कारण न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळणारे लोक ही कोणाची मतपेढी नसते. आज ज्याचा खटला आहे तो उद्या तेथे नसतो, आणि उद्या ज्याचा असेल त्याला आज त्याची कल्पना नसते.

म्हणूनच हा प्रश्न वकील संघांनी, नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी हाती घेतला पाहिजे. न्यायाधीशाला मागता येत नाही. नागरिकाला विचारता येते. विधी व न्याय विभागाच्या मागण्या सभागृहात येतील तेव्हा रायगड जिल्ह्याच्या आमदारांनी एवढेच विचारावे: पनवेल पट्ट्यातील न्यायालयांचा प्रस्ताव आज कोणत्या टेबलावर आहे, तेथे तो किती दिवस आहे, आणि केंद्राच्या मंजूर रकमेपैकी किती रक्कम गेल्या वर्षी परत गेली? या तीन प्रश्नांची उत्तरे दर वर्षी नियमाने मागितली गेली तर अडलेले पुष्कळ कागद आपोआप हलू लागतील. कामोठ्याहून पनवेलच्या न्यायालयात जायला फार वेळ लागत नाही. मंजूर झालेल्या रुपयाला दिल्लीहून तेथे पोहोचायला वर्षे लागतात, आणि त्या प्रत्येक वर्षाची तारीख कोणा ना कोणा पक्षकाराच्या कागदावर पडत असते.